दोनदा दबणारं पॅडल

काकूंच्या ज्या जुन्या गाडीपुढे तीन गॅरेजांनी हात टेकले होते, तिचं दुखणं या मेकॅनिकनं सकाळच्या चहाआधीच पकडलं. गाडी सुरू होता होत नव्हती, आत पेट्रोलचा वास मारत होता. कार्बोरेटरची सुईच झिजलेली! नवी बसवताच गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मेकॅनिकची छाती फुगली.

"फक्त किल्ली फिरवायच्या आधी ॲक्सिलरेटरचं पॅडल दाबू नका, काकू. पेट्रोल तुंबतं."

"मी कुठे दाबते? ती सवय ह्यांची. गेले त्या दिवसापर्यंत, दोनदा दाबल्याशिवाय कधी किल्लीला हात लावला नाही. पण जो तो मलाच खोटं पाडतो."

हसत गाडी बंद करून तो उतरला. काकू सीटवर टेकल्या. दोन्ही पाय अजून दाराबाहेरच होते.

आत पॅडल सावकाश दबलं. वर आलं. पुन्हा दबलं.

पेट्रोलचा भपका आला आणि काकूंचा चेहरा उजळला.

"बघितलंस? आता सांग, मी दाबलं?"