रिंगची फट

फीलर गेजचं पंचावन्नचं पातळ पोलादी पान पिस्टनच्या रिंगच्या फटीत अलगद शिरलं आणि थोरल्याने कानस खाली ठेवली.

चाळीस हवी होती. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चाळीस. नव्या सुट्या भागांच्या किटबरोबर आलेल्या चिठ्ठीत तसं लिहिलं होतं, फार तर पन्नास. सकाळी नवी रिंग नव्या सिलिंडरमध्ये सरकवून पाहिली तेव्हा फट तिसाची होती, म्हणजे कमी. इंजिन तापलं की रिंग वाढते, तिची टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग तुटते आणि सिलिंडरभर ओरखडे काढते. म्हणून एक टोक कानशीने घासायचं. चार हात मारायचे, पुसायचं, आत घालून मोजायचं, पुन्हा चार हात.

हे काम धाकट्या भावाचं. त्याचा हात हलका आणि मोजायची हौस दांडगी. थोरला त्याला ‘सोनार’ म्हणून चिडवायचा. सोनाराने तीन चौक पलीकडे स्वतःचं गॅरेज काढल्याला अकरा महिने झाले होते. तेवढेच महिने दोघांचं बोलणं बंद होतं.

“कमी पडली तर घासता येते,” सोनार म्हणायचा, “जास्त झाली तर भरता येत नाही.”

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. चार फुगीर चाकांची, दगडखाणीच्या मैदानात शर्यतीला पळवायची. सकाळी गाडी सोडताना त्या म्हणाल्या होत्या की, जुन्या इंजिनाने बोअर झाले, म्हणून मोठ्या बोअरचं, म्हणजे जास्त रुंद सिलिंडरचं, किट मागवलं. संध्याकाळपर्यंत होईल असं थोरल्याने सांगितल्यावर त्या हसल्या. रूट कॅनॉलला एवढा वेळ लावला तर आपला पेशंट दात हातात घेऊन पळेल, म्हणाल्या. त्या गेल्यावर थोरलाही हसला. हसता हसता त्याने सवयीने शेजारच्या, धाकट्याच्या स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर ग्रीसचा डबा होता.

आता त्याने रिंग बाहेर काढून उजेडात धरली. घासलेलं टोक चकाकत होतं. किटमध्ये रिंगांचा एकच संच आला होता.

फोनमध्ये नंबर अजून ‘सोनार’ याच नावाने होता. थोरल्याने हात पुसले. पुसलेले हात परत पुसले. मग लावला.

“बोला,” पलीकडून आवाज आला. गिऱ्हाइकाला म्हणतात तसा.

थोरल्याने ख्यालीखुशाली विचारली नाही. सिंगल सिलिंडर, पंच्याण्णवचा बोअर, वरची रिंग, एवढं सांगितलं आणि थांबला.

“किती झाली?”

“पंचावन्न.”

पलीकडे घरघरणारा ग्राइंडर बंद झाला. आता हा हसणार, असं थोरल्याला वाटलं. हसला असता तर बरं झालं असतं.

“चालेल,” धाकटा म्हणाला. “तापली की टोकं जवळ येतात.”

झालं. काम संपलं होतं. आता फोन ठेवायचा, पण थोरल्याचा अंगठा काही खाली येईना. समोर पिस्टन दांड्याच्या टोकावर मान टाकून पडला होता. त्याच्यावर वरून सिलिंडर उतरवायचं, म्हणजे दोघांचं काम. थोरला वजन तोलून धरायचा. धाकटा खाली वाकून बोटांच्या चिमटीत रिंग दाबायचा, आणि ती आत गेली की म्हणायचा, “गिळली.” तीन रिंगांना तीनदा. त्याशिवाय थोरला हात सोडत नसे.

“सिलिंडर कसं बसवतोस तिकडे?” थोरल्याने विचारलं.

“लाकडाची पट्टी घेतो. मधे खाच पाडायची आणि पिस्टनखाली सरकवायची. पिस्टन हलत नाही. एकट्याला जमतं.”

थोरल्याला वाटलं होतं, तिकडे कुणीतरी असेल. तीन चौक पलीकडे कुणीतरी वरून सिलिंडर धरत असेल आणि हा वाकून ‘गिळली’ म्हणत असेल. अकरा महिने त्याने ते चित्र मनात धरून ठेवलं होतं, आणि त्यावरच त्याचा राग पोसला होता.

“लाकूड नाहीये इथे,” तो म्हणाला.

“पॅकिंगच्या पेट्या?”

गॅरेजच्या मागच्या भिंतीला पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. धाकट्यानेच रचलेल्या, आकाराप्रमाणे, मोठी खाली, लहान वर. थोरल्याने त्यांच्याकडे पाठ केली.

“जाळल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“सगळ्या जाळल्यास? शेकोटी केलीस की होळी?”

थोरला उभा राहून थकला होता, म्हणून मागे सरकून एका पेटीला टेकला. पेटीची फळी करकरली. शांत दुपारी तो आवाज बराच मोठा वाटला. फोनमधून पलीकडेही तो ऐकू गेला असणार.

पलीकडे ग्राइंडर पुन्हा सुरू झाला नाही.

“इंजिनाचं तोंड झाकून ठेव,” शेवटी धाकटा म्हणाला. “मी येईपर्यंत धूळ जायला नको.”

फोन बंद झाला. थोरल्याने धुतलेलं फडकं शोधलं, चार घड्या घातल्या आणि इंजिनाच्या तोंडावर ठेवलं. मग स्टुलावरचा ग्रीसचा डबा उचलून खाली ठेवला.