हिरोचा आवाज

ज्योत्स्नाने फोन वडिलांच्या उशीजवळ टेकवून ठेवला आणि आवाज वाढवला. रविवारची दुपार होती. आबांसाठी म्हणून ती इंदापूरहून सकाळीच आली होती. घराघरात ठाऊक असलेला सिनेमातला हिरो आता फोनवरच्या रेकॉर्डिंगमधून त्यांना रहस्यकथा वाचून दाखवणार होता.

पिंपळीच्या त्या घरात आजवर रहस्यकथा वाचली ती आबांनी, म्हणजे रामभाऊंनीच. कारखान्यातून आले की चहा पिऊन ते पुस्तक उघडत, आणि त्यांची बायको ताईबाई भाजी निवडत ऐकत. ताईबाईंना अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या गोष्टीत खुनी कोण, ते त्या आजही सांगत. रामभाऊ फौजदार झाले की खर्जात बोलत, म्हातारी झाले की दात पडल्यासारखं. श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळायचं सगळं, पण चार महिन्यांत एक शब्द तोंडातून निघाला नव्हता. डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं.

गोष्ट सुरू झाली. माळावरचा बंगला, आत एकटी म्हातारी. हिरोचा आवाज भरदार होता, मागे संगीतही होतं. पण फौजदार बोलला तरी तोच आवाज, म्हातारी बोलली तरी तोच. ती भ्यायली तेव्हाही तो साबणाच्या जाहिरातीत बोलावं तसा बोलला. ताईबाई लेकीचं मन राखायला ऐकत राहिल्या. रामभाऊंचा डावा हात मात्र चादर चुरगाळत होता.

मग बंगल्याबाहेर पावलं वाजली. म्हातारीने दिवा बारीक केला. "कडी वाजली, दार उघडलं आणि समोर तिचा पुतण्या उभा होता," हिरोने एका दमात वाचून टाकलं आणि तो पुढे गेला.

रामभाऊंच्या घशातून घोगरा आवाज आला. ज्योत्स्ना घाबरून उठली, कुठं दुखतंय का विचारू लागली.

"दुखत न्हाय त्यांना," ताईबाई म्हणाल्या. "त्यो चुकला. दार लगीच उघडलं त्यानं. बंद कर ते."

पुढे रंगत जातं, सगळे नावाजतात, असं ज्योत्स्ना सांगून पाहत होती. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून तिने फोन बंद केला आणि डोळे पुसत ती स्वयंपाकघरात गेली.

ताईबाईंनी स्टूल कॉटजवळ ओढलं.

"अवो, तुमी सांगा. मला कुठं जायचंय?"

रामभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागून दुसरा गेला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. ताईबाईंनी ते पुसलं नाही, समजूतही घातली नाही.

बऱ्याच वेळाने तोंड इकडं वळलं. ओठ हलू लागले. मानेच्या शिरा फुगल्या, जीभ दातांना अडखळली, लाळ गळली. ताईबाईंनी पदराने ती टिपली. पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही निघालं नाही. रामभाऊंनी डोळे मिटले. आता थांबतील, असं ताईबाईंना वाटलं.

"दा... दार."

लेकीला हाक मारावी म्हणून ताईबाई अर्ध्या उठल्या, आणि परत बसल्या. पुढे वाकून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं,

"उघडलं?"

रामभाऊंनी डोळे मोठे केले आणि सावकाश मान हलवली. अजून नाही.