थोरलीचं फोल्डर

"आज माझी नक्षी पुन्हा तिच्या नावाखाली गेली, तर उद्यापासून या मशीनला तुमचा हात लागेल, माझा नाही." एवढं बोलून धाकटी खुर्ची मागं सारून उभी राहिली.

नवरा भरतकामाच्या मशीनच्या सुया पुसत होता. बाराच्या बारा पुसून झाल्या, तर पुन्हा पहिलीपासून लागला.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गडी खुर्चीत बसला. जाड चष्मा, पोट टेबलाला टेकलेलं. "काय होतंय ते सांगा. कोणामुळं होतंय ते मागनं बघू."

होत होतं असं. धाकटी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीन ती कापडावर उतरवायचं. नक्ष्या ठेवायला तिच्या नावाचं फोल्डर होतं, सेटिंगमध्ये जाऊन तिनं तेच नेमलंही होतं. पण बटण दाबलं रे दाबलं, की नक्षी निघाली जुन्या फोल्डरात. आणि त्या फोल्डरचं नाव 'थोरली'. थोरली म्हणजे मोठी जाऊ. आठ महिन्यांपूर्वी बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी गेली, पण दुकानातनं काही हलायला तयार नव्हती.

सासू कोपऱ्यात बसून टॉवेलांचे सुटे दोरे कातरत होती. तिनं तोंड घातलंच. "एकशे बारा नक्ष्या आहेत थोरलीच्या. मी मोजल्यात. पोरगी गेली, पण दुकानाला पुरेल एवढं करून गेली."

"त्यातल्या सत्तर माझ्या आहेत, आई!"

"असतील बाई. पाटी तिची आहे."

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ऐकलंत? आठ महिने झिजतेय मी, आणि नाव तिचं. नऊ वेळा सेटिंग बदललं. माझी पाठ फिरली की कोणीतरी परत फिरवून ठेवतं. वहिनीचा पुळका कोणाला आहे, ते काय मी सांगायला पाहिजे?"

नवऱ्यानं फडकं खाली ठेवलं. "अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तिनं हाक मारली की बरं कळतं सगळं! नव्या घरी पंखा लावून द्यायला कोण धावत गेलं होतं?"

"दादाचा हात मोडला होता!"

"इथला पंखा वर्षभर खडखडतोय. त्याच्यासाठी कोणाचा हात मोडू?"

चष्मेवाला हसला नाही. त्याचं सगळं ध्यान पडद्यावर. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग मान न वळवताच म्हणाला, "भांडण थांबवा. कोणी काही फिरवत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही घराला नवी पाटी लावली, बरोबर? पण हा पोस्टमन पाटी वाचतच नाही. मशीन बसवणाऱ्यानं पहिल्या दिवशी याच्या कानात एक पत्ता सांगितला, तो धरून बसलाय. तुम्ही शंभर पाट्या लावा, हा डोळे मिटून जुन्याच दारात जातो."

"मग मारा की त्याला!"

"मारायचं कशाला? शिकवायचं." त्यानं दोन ओळी खोडल्या, तीन लिहिल्या. "आता हा आधी पाटी बघेल. पाटीच नसली, तरच जुन्या घरी जाईल. करा बघू एक नक्षी."

धाकटीनं उभ्याउभ्याच एक गुलाब काढला, बटण दाबलं आणि ओठ चावून बघत राहिली. 'धाकटी' नावाचं फोल्डर आठ महिने मोकळं पडलं होतं. त्यात एक गुलाब येऊन बसला.

नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे मी सुटलो?"

"पंख्यातनं नाही."

सासूनं चष्मा पुसून वाकून बघितलं. "एकच?"

"बाकीच्या आणते की, आई. माझ्या तेवढ्या उचलून आणते. तिची एक नको मला." धाकटीचा आवाज आता चढला होता, पण जिंकलेल्या माणसाचा.

चष्मेवाला मात्र उठेना. "ताई, तुम्ही नऊ वेळा म्हणालात. इथं दहा दिसतात."

"दहा कुठनं? मी मोजून नऊ वेळा बदललंय."

"सेटिंग बदललं की हा तारीख घालून लिहून ठेवतो. मानत नाही, पण लिहितो सगळं. तुम्ही मशीनवर पहिल्यांदा कधी बसलात?"

"सहा मार्चला. थोरलीचं बिऱ्हाड चारला हललं, पाचला दुकान बंद होतं."

"मग ही सगळ्यात वरची ओळ बघा."

धाकटी वाकली. तारीख होती चार मार्च, वेळ सकाळी दहाची. पुढं लिहिलं होतं: नक्ष्या ठेवायची जागा, धाकटी.

सासूची कात्री थांबली.

मग नवराच म्हणाला, "सामान सगळं टेम्पोत चढलं होतं. दादा हॉर्नवर हॉर्न देत होता. वहिनी म्हणाली, एक काम राहिलंय. आणि उतरून आत आली. मला वाटलं, काही विसरली असेल."

चष्मेवाल्यानं बोट बटणावर नेलं. "जुनी ओळ आहे, आता काही कामाची नाही. पुसून टाकू?"

"हात लावू नका."

धाकटीनं खुर्ची पुढं ओढली आणि मशीनसमोर बसली. बारा सुयांतली पहिली सुई ओवायला घेतली. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा टोक ओलं करता करता ती सासूकडं न बघताच कुरकुरली,

"बघा आई. माझं नावसुद्धा माझ्याआधी तिनंच लिहून ठेवलं."