तोंडपाठ गाव

"अहो, हीही गल्ली भिंतीशीच संपली!" शालनने पाण्याची बाटली नवऱ्याच्या हातात आदळली. सगळं जग इटलीत जाऊन रोम, व्हेनिस बघतं, आणि हिच्या नशिबी मात्र तारांतो! का, तर दिगंबरराव जहाजावर इंजिनीयर होते आणि त्यांचं जहाज नेहमी या बंदरात यायचं. "गाव तोंडपाठ आहे माझं," हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आता मात्र यांना साधा किल्लाही सापडेना. पायांचे तुकडे पडले तशी ती तडक धक्क्यावर गेली आणि दिसेल त्या फेरीबोटीत जाऊन बसली. मुकाट्याने तेही बसले.

बोट जरा आत समुद्रात गेली आणि दिगंबरराव ताडकन उठले. "तो बघ किल्ला! त्याला लागून फिरता पूल. आणि त्या पिवळ्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी एक बाई वाळलेले कपडे काढायला यायची."

शालन बघतच राहिली. "तुम्ही इथे कधी खाली उतरला होतात का हो?"

"इंजिनाची कामं बंदरातच निघायची," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "हात धुऊन वर डेकवर आलो, की हे एवढं दिसायचं."

"आणि इतकी वर्षं मला थापा मारल्यात!" ती करवादली. बोट धक्क्याला लागताच तिने त्यांच्या खिशातला नकाशा काढून घेतला आणि त्यांचा दंड धरला.

"चला, उतरा आता. जपून, पायरी ओली आहे."