बाभळीच्या सालीचं चामडं

प्रश्न १. चामडं कमावताना कोणती रसायनं वापरता?

"बाभळीची साल आन् हिरडा. ह्याला रसायन म्हणत असशील तर लिही."

साताप्पाकाका उंबऱ्यावर बसून सांगत होते आणि मी माझ्या चपलांच्या दुकानाचा फॉर्म त्यांच्यासाठी भरत होते. नदी न नासवणारा पुरवठादार मला हवा होता. सगळ्यांनी यांचंच नाव सांगितलं होतं.

प्रश्न २. सांडपाणी कुठे सोडता?

"कुठलं सांडपाणी? अठरा वर्षं कातडी भिजवायचं पिंप कोरडं हाय. तुझ्या वडलांना दुकानासाठी कारखान्यातलं क्रोम रसायनाचं चामडं आठवड्यात मिळाया लागलं. मग माझ्यासाठी कोण थांबतंय?"

मी मान खाली घातली. ते हसले. "लिही की! सांडपाणी न्हाईच म्हटल्यावर पैला नंबर माझा."

प्रश्न ३. माल किती दिवसांत द्याल? कमाल दहा.

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. तिथे तीन बांबूंची रिकामी तिवई उभी होती. पूर्वी तिला कातड्याची शिवलेली पिशवी टांगून ते दिवसभर तिच्यात सालीचं पाणी ओतायचे.

"दहा दिसांत न्हाई जमायचं, बाय. तवाबी जमलं न्हाई. दुसरा कोन तरी बग." ते उठू लागले.

मी 'कमाल दहा' खोडलं. "काका, तुम्हाला किती लागतात?"

"चाळीस." आवाज बारीक झाला होता. "पावसाळ्यात पन्नास."

मी लिहिलं.

"वाच बगू, काय लिवलंस."

मी वाचलं.

"जरा मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "आत तुझ्या काकीला ऐकू जाऊ दे."