सुटी टिंबं

"फाइली गहाळ नाहीत सर, सापडत नाहीयेत," वैभवी म्हणाली. "जपानीत 'का'वर दोन टिंबं दिली की 'गा' होतो. कॉम्प्युटरात तो एकसंध ठेवता येतो, नाहीतर 'का' वेगळा आणि टिंबं वेगळी. डोळ्यांना सारखंच दिसतं. सर्चला नाही."

वासुदेवसरांनी कपाळाला हात लावला. टोकियोच्या क्लायंटची चारशे औषधांची माहितीपत्रकं. नावात टिंबवालं अक्षर असलेलं एकही सापडेना. शुक्रवारी तक्रार आली, आज सोमवारी कॉन्ट्रॅक्टच खलास. बिघाडाचं कारण तेवढं वैभवीने सुट्टीचे दोन दिवस घालवून शोधलं होतं.

"सुटी टिंबं आली कुठून?"

"मॅक कॉम्प्युटरवर फाइलला नाव दिलं की बऱ्याचदा तसं होतं."

टीमचा लॉगिन एकच. फाइली कोणी चढवल्या, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

"मॅक कोणाकडे आहे?"

वैभवीने पाण्याचा घोट घेतला. "ऑफिसात? फक्त प्रज्ञाकडे."

"ताई, अहो मी एकेक नाव तपासते!" शेजारी बसलेली प्रज्ञा ताडकन उठली. "तुम्हाला माहितीये ना?"

"घाई सगळ्यांनाच होती गं. माझं तरी चित्त कुठे थाऱ्यावर होतं? तेव्हा आमची काव्या तापाने फणफणलेली, मी घरून काम करत होते."

दुपारपर्यंत प्रज्ञाच्या हातात पत्र पडलं. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला. निघताना तिने वैभवीला मिठी मारली. "तुमचा काय दोष, ताई? विचारलं म्हणून सांगितलंत."

वैभवी सिलिकॉन ओएसिसमधल्या घरी पोचली तेव्हा नवरा, विजयकुमार, दारातच उभा होता. त्याची नोकरी जाऊन चार महिने झाले होते. तिघांचं या परक्या देशात राहणं आता वैभवीच्या व्हिसावर.

"वाचलो ना?"

"वाचलो."

"मग कोण गेलं?"

"प्रज्ञा."

"अरेरे! काव्याच्या तापात मऊ भाताचा डबा घेऊन आली होती गं पोरगी."

 वैभवी बूट न काढताच आत गेली. काव्या पलंगावर होमवर्क करत होती.

"काव्या, शाळेचं मॅकबुक बघू जरा."

"चिल, मम्मा," काव्याने मानही वर केली नाही. "युवर जॅपनीज फोल्डर इज गॉन. यू टोल्ड मी ऑन सॅटर्डे. आय एम्प्टीड द ट्रॅश ऑल्सो."