कार्सन सिटीचं नाणं

“आई, हा डबा कुणी फोडला?”

सिद्धेशचा आवाज टाउनहाऊसच्या पार गॅरेजपर्यंत गेला. ओट्यावर जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे पडले होते. शेजारी बत्ता.

“आजी डिड इट,” सोफ्यावरून त्याच्या लेकीने, आन्याने, मान वर न करता सांगून टाकलं.

दिवाळीसाठी पुण्याहून फ्रीमाँटला आलेली आई देवापाशी बसली होती. “अरे, लक्ष्मीपूजनाला नाणं धुऊन ठेवतात. प्लॅस्टिकच्या आत कसली पूजा? रिठ्याच्या पाण्यात घातलं, जरा घासणी फिरवली.”

“घासणी? स्टीलची?”

त्याने ओट्यावरचे तुकडे चाळले; नाणं त्यांत नव्हतं. १८७३ सालचं, कार्सन सिटीच्या टांकसाळीतलं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं. असली नाणी तज्ज्ञ तपासतात, ग्रेड देतात, डब्यात सील करतात. डबा फुटला, नाणं घासलं, की नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी ते मेलं. आणि आज चार वाजता सनीव्हेलहून त्याच्यासारखाच नाणी जमवणारा श्रीराम येणार होता. हे घेऊन स्वतःचं १८७२ चं द्यायला.

“सहा वर्षं, आई! सहा वर्षं त्या १८७२ च्या नाण्यामागे आहे मी. दर ऑक्शनला हरलोय. आज मिळत होतं. हात लावायच्या आधी एकदा विचारायचंस तरी!”

आईची मूठ मिटलेली. एरवी दोन वाक्यांत त्याला गार करणारी बाई आज हूं की चूं करेना. तसा त्याचा पारा अजूनच चढला. फोन काढून त्याने श्रीरामला मेसेज टाकला: येऊ नको यार, आईने वाट लावली.

“बोल ना आता काहीतरी!”

“बोलणार नव्हते. सणाचा दिवस आहे.” आईने हातातली पाटली काढली, त्याच्या एका तळहातावर ठेवली. दुसऱ्यावर मूठ उघडून नाणं ठेवलं. “ही दोन तोळ्यांची. तुझं किती?”

“तीन तोळ्यांच्या वर...”

त्याने दोन्ही तळहात वर-खाली करून पाहिले. जड लागत होती ती पाटली. नाण्याच्या कडेला घासणी फिरली होती, तिथे खालचं पितळ उघडं पडलं होतं.

डब्यावरचा नंबर त्याने ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तीनदा चेक केला होता. होलोग्राम, बारकोड, लेबलवरचा फॉन्टसुद्धा. नाणं हातात घ्यायची वेळ आज पहिल्यांदा आली होती.

“मला वाटलं, पूजा झाल्यावर तुला बाजूला घेऊन सांगावं,” आई हळूच म्हणाली.

सिद्धेश वरच्या खोलीत गेला. कपाटातले बाकीचे अकरा डबे घेऊन खाली आला आणि बत्त्यासकट आईपुढे ठेवले.